नवरीला ट्युबाच हवा

रिसेप्शनला बारा दिवस उरले तेव्हा हॉल ठरला होता, खुर्च्या ठरल्या होत्या, खुर्च्यांवरच्या कापडाचा रंग दोनदा ठरून दोनदा मोडला होता. वाजवणार कोण, याचा मात्र पत्ता नव्हता. शेवटी नवरीच्या वडिलांनी, म्हणजे दादांनी, रविवारी सकाळी दुकान बंद ठेवलं आणि दोन्ही उमेदवारांना बोलावून घेतलं.

"केबिनमध्ये ऐकू," ते म्हणाले. विषय संपला.

आवाज करणारी कुठलीही वस्तू केबिनमध्ये तपासल्याशिवाय या घरात आली नव्हती. कानाची यंत्रं विकणाऱ्या घराला अशी खोड लागावी यात नवल नसेल कदाचित. दुकानाच्या मागच्या अंगाला आठ बाय सहा फुटांची ती खोली. भिंतींना राखाडी स्पंज, एकामागे एक दोन दारं आणि जाड काचेची एक खिडकी. आत बसलं की स्वतःचं गिळणंसुद्धा ऐकू येतं. दारावरची घंटी, भिंतीवरचं घड्याळ, दादांच्या धाकट्या भावाच्या मोटारसायकलचा सायलेन्सर, सगळं तिथून पास होऊन आलेलं. होणाऱ्या जावयालाही दादांनी तिथे बसवून दहा मिनिटं बोलायला लावलं होतं. 'आवाजात खोट नाही' असा शेरा मिळाला तेव्हाच पुढची बोलणी झाली.

धाकटा त्या सकाळी लवकर आला आणि त्याने वहिनीला, म्हणजे नवरीच्या आईला, चहाच्या टेबलापाशी गाठलं.

"माझा गायक दुसरा ठेवलाय. व्हायोलिन आधी होऊ दे. लोकांना झोप आली की याचं उठून दिसेल."

"भाऊजी, तुमचा गायक चांगला आहे," वहिनी म्हणाली. "पण ठरवणार कोण? वन्सं."

"तेच तर!"

दोन वर्षांपूर्वी ही दोघं एका टेबलाशी उभी राहिली नसती. गच्चीच्या छपरावरून झालेला अबोला चांगला आठ महिने टिकला होता. त्यांना जवळ आणलं ते आत्याने, म्हणजे दादांच्या बहिणीने, आणि तेही तिच्या नकळत. काउंटर खिडकीकडे हलवू, असं धाकटा चार वेळा म्हणाला. दादा चारही वेळा 'बघू' म्हणाले. आत्याने एकदा सांगितलं आणि संध्याकाळी काउंटर खिडकीशी होता. वहिनीने बैठकीच्या पडद्यांचा विषय सहा वेळा काढला. दादा दर वेळी प्रेमाने 'अगदी बरोबर' म्हणाले आणि पडदे होते तिथेच लोंबत राहिले.

"लग्न केलं नाही, संसार केला नाही, आणि राज्य मात्र तिचं," धाकटा म्हणाला. त्याचा आवाज मुळातच चिरका, रागावला की आणखी वर जायचा.

"हळू. आल्या त्या."

आत्या आतल्या खोलीतून हात पुसत आली. कानाचे साचे बनवणं हे तिचं काम. बोटांना कायम साच्याच्या गुलाबी लापशीचा वास. तिचा घसा असा, की फोनवर माणसं तिला बेधडक 'साहेब' म्हणत.

"काय कारस्थान चाललंय?" तिने विचारलं.

"चहा चाललाय, ताई," धाकटा म्हणाला.

आत्या मनातून खूश होती. साठी ओलांडताना का होईना, आपल्या शब्दाला या घरात किंमत आली, दादाला कळलं शहाणं कोण आहे ते. ती हे कुणाला बोलून दाखवत नसे. चालताना मान थोडी वर असायची, एवढंच.

व्हायोलिनच्या बाई बरोबर दहाला आल्या. नवरी त्यांच्याकडे सात वर्षं शिकली होती, आणि लग्नात बाईंनीच वाजवायचं हे दहाव्या वर्षी कधीतरी त्यांच्या कानात सांगून ठेवलेलं होतं. दादा आत तपासणीच्या खुर्चीवर बसले, बाई त्यांच्यासमोर. बाकीचे बाहेर, काचेपाशी. आतलं बाहेर ऐकू यावं म्हणून खिडकीखाली एक स्पीकर होता, तो धाकट्याने चालू केला.

सुरुवात छान झाली. दादांची बोटं गुडघ्यावर ताल धरत होती. मग सूर वर चढत गेला, बारीक होत गेला, शेवटी अगदी रेशमाच्या धाग्याइतका उरला आणि तिथे थांबून राहिला. वहिनीच्या डोळ्यांत पाणी आलं. तेवढ्यात दादांनी जोरात टाळ्या वाजवल्या.

"वा! सुरेख! फारच सुरेख!"

बाईंचा गज तारेवरच थबकला. "माझं संपलं नव्हतं," त्या म्हणाल्या.

दादांनी क्षणभर त्यांच्या तोंडाकडे निरखून पाहिलं. "तेच तर," ते हसून म्हणाले. "संपूच नये असं वाटत होतं."

"मधेच तोडलं बाईंना," काचेबाहेर धाकटा कुजबुजला. "आवडलं नाही त्याला. वहिनी, आपलं काम झालं."

वहिनीला मात्र शरमेने मेल्यासारखं झालं होतं. बत्तीस वर्षांचा संसार, आणि हा माणूस असा उद्धट कधीच नव्हता. कुणी केलं असं यांना? तिने आत्याकडे रोखून पाहिलं. आत्याने खांदे उडवले.

बाई पेटी बंद करून, चहा न घेता गेल्या. मग धाकट्याचा गायक आला, कीबोर्ड काखेत मारून. एक तरल, उंच पट्टीतलं गाणं त्याने डोळे मिटून म्हटलं. दादा मात्र त्याच्याकडे उघड्या डोळ्यांनी, अगदी टक लावून बघत राहिले, आणि त्याचे ओठ मिटल्यावर पुन्हा टाळ्या.

"सुरेख!"

कार्डावर गुण लिहायची पद्धत होती. बाईंना आठ. गायकालाही आठ.

"अरे दादा, दोघांना सारखे कसे?" धाकटा म्हणाला.

"अगदी बरोबर," दादा म्हणाले.

नवरी हे सगळं भिंतीला टेकून पाहत होती. बाबांना बारीक आवाज ऐकू येत नाहीत, हे घरात तिला एकटीला माहीत होतं. गेलं दीड वर्ष माहीत होतं. बेसिनपाशी पाठमोऱ्या उभ्या असलेल्या बाबांना तिने धीर करून सांगितलं होतं की मी एका मुलाशी लग्न करायचं म्हणते आहे. बाबा म्हणाले, "अगदी बरोबर, उद्या बघू." आठवड्याने तिने तेच समोर बसून सांगितलं, तेव्हा त्यांच्या हातातला कप बशीवर आपटला. पहिल्यांदाच ऐकत होते ते.

ती शाळेत भूगोल शिकवायची, पण वाढली होती या दुकानात. कान जाऊ लागले की आधी पाखरं जातात, मग शिट्ट्या, मग बायकांचे आणि पोरांचे आवाज, हे तिला पाढ्यांसारखं पाठ होतं. तिचा स्वतःचा आवाज आईसारखा, बारीक. म्हणजे तीही गेली होती. एकदा तिने विषय काढून पाहिला, तर बाबांनी शांतपणे कपाटातून स्वतःचं तपासणीचं कार्ड काढून दाखवलं. निर्दोष आलेख, वर सरळ रेघ. खाली त्यांचीच सही. त्या सहीवर चाळीस वर्षं अख्खं गाव कान सोपवत आलं होतं. तिथे ती काय बोलणार?

फक्त एक हट्ट तिने मनाशी धरला होता. त्या संध्याकाळी हॉलमध्ये शंभर माणसं ऐकत असतील, तेव्हा बाबांनी ऐकण्याचं सोंग करायचं नाही. खरोखर पोचेल असं काहीतरी वाजलं पाहिजे.

"मला व्हायोलिन नको," ती म्हणाली. "गायकही नको."

सगळे तिच्याकडे वळले.

"मग काय हवं?" वहिनीने विचारलं.

"ट्युबा."

"ते काय असतं?"

"मोठा भोंगा असतो, वहिनी," धाकटा म्हणाला. "परेडमध्ये सगळ्यात मागचा जाड माणूस वाजवतो तो. अगं, लग्न आहे का आगीचा बंब?"

"बंबवालेच आहेत ते. अग्निशमन दलाच्या बँडमधून निवृत्त झालेत. आता कुलपं दुरुस्त करतात. अकराला येतायत."

"सात वर्षं त्या बाईंनी तुला शिकवलं!" वहिनीचा आवाज कापला. "काय सांगू मी त्यांना? म्हैस ठेवली म्हणून?"

"आई, माझं लग्न आहे ना?"

"म्हणूनच तर!"

"वन्सं, तुम्ही तरी बोला," वहिनी म्हणाली, आणि दोन वर्षांत प्रथमच आत्याकडे मदत मागितल्याचं लक्षात येऊन तिची तिलाच चीड आली.

आत्या भाचीच्या चेहऱ्याकडे बघत राहिली. ही पोर लबाड नाही, वेडीही नाही, मग हे काय आहे?

ट्युबावाला अकराला आला. माणूस आडव्या बांध्याचा आणि फार लाजाळू. त्याचं वाद्य म्हणजे पितळेचं घंगाळच, मागे नळ्यांचा गुंता असलेलं. ते केबिनच्या दारातून जाईना. आडवं करून पाहिलं, उभं करून पाहिलं. दादांनी आतून ओढलं, धाकट्याने आणि आत्याने बाहेरून ढकललं.

"राहू द्या, मी अंगणात वाजवतो," ट्युबावाला पुटपुटला.

"नाही. केबिनमध्येच," दादा आतून म्हणाले. नियम तो नियम.

शेवटी भोंग्याचं तोंड तेवढं दारात घुसलं आणि तिथे पक्कं बसलं. भोंगा आत, माणूस बाहेर. दादांच्या नाकासमोर दोन हातांवर ते पिवळंधमक वर्तुळ.

"मोठ्याने वाजवू की हळू?" ट्युबावाल्याने नवरीला विचारलं.

"हळूच वाजवा," ती म्हणाली.

दादा सवयीने तयार होऊन बसले. पण इथे बघायला काही नव्हतं. ओठ दिसत नव्हते, गज नव्हता, माणूसच नव्हता. घाम फुटायच्या बेतात असतानाच खुर्चीच्या पायांतून काहीतरी वर आलं. मग पोटात. आणि मग कानात. अख्खा सूर, कडांसकट. त्यामागून दुसरा, पहिल्याचं बोट धरून. संथ, गोल, म्हाताऱ्या माणसाने गंमत सांगावी तशी चाल होती ती. कुठे थांबणार, कुठे वळणार, काही ओळखावं लागत नव्हतं. दादांनी डोळे मिटले. कुणी गात असताना, बोलत असताना त्यांनी दोन वर्षांत डोळे मिटले नव्हते. सगळं काम डोळ्यांवरच येऊन पडलेलं.

उघडले तेव्हा काचेपलीकडे त्यांना मुलगी दिसली. बाकी सगळे वाजवणाऱ्याकडे बघत होते. ती त्यांच्याकडे बघत होती.

हे बघणं त्यांच्या ओळखीचं होतं. नवं यंत्र गिऱ्हाइकाच्या कानात बसवून बटण दाबलं की पुढचा एक क्षण ते स्वतः असेच बघत आले होते. पोचलं का? या माणसाला पोचलं का?

चाल संपली. दादांनी टाळ्या वाजवल्या नाहीत.

ट्युबा दारातून सुटायला साबणाचं पाणी आणि दहा मिनिटं लागली. दादा आतून हलले नाहीत, कार्डावर त्यांनी काही लिहिलंही नाही. मग आत्या आत गेली आणि तिने दोन्ही दारं लावून घेतली.

"दादा, डोळे का मिटलेस?"

"थकलो होतो."

"खोटं. बाईंच्या वेळी मधेच टाळ्या, आणि या भोंग्याला डोळे मिटून डोलतोस?" तिने कपाटातून काढून आणलेलं कार्ड त्यांच्या मांडीवर टाकलं. "आणि हे काय आहे? सहासष्टाव्या वर्षी सरळ रेघ? अरे, वटवाघळाची येत नाही अशी! तुला तपासलं कुणी?"

"मीच."

"कसं?"

दादांनी उगाच स्पंज चाचपला. "यंत्र आत ओढून घ्यायचं. मांडीवर. डाव्या हाताने आवाज सोडायचा, उजव्या हाताने ऐकू आल्याचं बटण दाबायचं."

आत्याला समजायला जरा वेळ लागला. "म्हणजे परीक्षा घेणारा तू, आणि कॉपी करणाराही तूच?"

"कॉपी नाही गं. खरंच वाटायचं ऐकू आल्यासारखं. सोडल्याचं माहीत असायचं ना."

"चाळीस वर्षं लोकांना सांगतोयस, चष्म्याची लाज नाही मग यंत्राची कसली."

"लोकांना सांगायला काय जातं," दादा म्हणाले.

आत्या स्टुलावर बसली. आणि बसता बसता तिच्या डोक्यात दुसरा दिवा लागला.

"थांब. मग माझं सगळं कसं पटायचं तुला? काउंटर? दुकानाची वेळ?"

"पटायचं असं नाही..." दादा ओशाळले. "तुझं तेवढं पोचायचं."

"म्हणजे माझ्या अकलेमुळे नाही. घशामुळे."

"अक्कल आहेच तुला."

"नको, आता नको सांगूस." तिची मान पहिल्यांदाच जरा खाली आली. "दोन वर्षं मी वहिनीसमोर राणीसारखी फिरते आहे रे."

 त्या खोलीतली शांतता फार पूर्ण असते. एखाद्याला ती सोसत नाही.

"पोरीने तो भोंगा माझ्यासाठी आणला," दादा म्हणाले.

"हो."

"तिला व्हायोलिन हवंय. लहानपणापासून. आणि तिच्या लग्नात म्हैस रेकणार. माझ्यापायी."

"मग काय करणार आहेस?"

दादांनी कार्ड उचललं आणि ठेवून दिलं. "साच्याची लापशी कालव."

दार उघडून दोघं बाहेर आली तर तिघंही खिडकीपाशी खिळल्यासारखी उभी होती. खिडकीखालचा स्पीकर चालूच होता. चाळीस वर्षं केबिन चालवणाऱ्या दोन माणसांना तो बंद करायचं सुचलं नव्हतं.

वहिनीने तोंडाला पदर लावला होता. ती रडते आहे असं धाकट्याला वाटलं, पण ती हसत होती. किंवा दोन्ही असेल, नीट सांगता येत नव्हतं.

"सहा वेळा!" ती म्हणाली. "सहा वेळा पडदे सांगितले मी! आणि मला वाटलं, यांच्या लेखी मी नाहीच."

दादा तिच्या ओठांकडे बघत होते. "निळे?" त्यांनी विचारलं.

"हिरवे!" वहिनी ओरडली, आणि मग सगळेच हसले. धाकटा शेवटी हसला. दोन वर्षांचं राजकारण फुकट गेलेल्या माणसाला तेवढा उशीर चालतो.

आत्याने दादांना आतल्या खोलीत खुर्चीवर बसवलं, दोरा बांधलेले कापसाचे बोळे कानांत सरकवले आणि पिचकारीने दोन्ही कान गुलाबी लापशीने भरून टाकले. एरवी ती एक कान करून मग दुसरा करत असे. आज तो दुसऱ्यासाठी थांबेल याचा तिला भरोसा नव्हता.

"पाच मिनिटं. हलायचं नाही, बोलायचं नाही. जबडा हलला की साचा वाकडा," तिने हातवारे करून बजावलं. दादा शिक्षा झालेल्या पोरासारखे ताठ बसले.

"संधी आहे," धाकटा लगेच म्हणाला. "आत्ताच ठरवून टाकू. माझ्या मते गायक. वहिनी?"

"व्हायोलिन," वहिनी म्हणाली.

"वहिनी! आपलं ठरलं होतं!"

"ते वन्संच्या विरुद्ध होतं, भाऊजी. आता वन्संच्या विरुद्ध काय आहे माझं?"

"मी ट्युबा म्हणते," आत्या म्हणाली. "नाव सांगू नका माझं, पण मला आवडला. त्याचा आवाज माझ्यासारखा आहे."

"मग गायकाला काय सांगू मी?"

"जेवायला ये म्हणावं. रिकाम्या हाताने," आत्या म्हणाली.

नवरी यात पडली नाही. ती बाबांच्या समोर उकिडवी बसली, त्यांना ओठ दिसतील अशी, आणि सावकाश बोलली.

"बाबा, बाईंना पुन्हा बोलावते मी. पण एक सांगू? यंत्र लावलं तरी बारा दिवसांत सवय होत नाही. तुम्हीच सगळ्यांना सांगता, पहिला महिना पत्र्यावर खिळे पडल्यासारखं वाटतं. व्हायोलिन तसंच वाटेल तुम्हाला. माझ्या लग्नात तुम्ही दात आवळून बसणार. त्यापेक्षा ट्युबा राहू दे ना. मला चालेल. खरंच चालेल."

खरंच चालेल, म्हणताना तिची हनुवटी हलली. ओठ वाचणाऱ्या माणसाला हनुवटीही दिसते.

"दोन्ही," दादा म्हणाले.

"बोलू नकोस!" आत्या ओरडली.

"दोन्ही बोलाव," दादा म्हणाले. कान बुजलेले, त्यामुळे आवाज दुकानभर घुमला. "बाईंचं मिळेल तेवढं मी ऐकेन. निसटेल ते ट्युबावाला भरून काढेल. आणि बाईंची माफी मी स्वतः जाऊन मागणार आहे, आजच, त्यांचं संपेपर्यंत तिथे बसणार आहे, आणि तू सोबत ये, संपलं की मला कोपराने ढोस."

नवरीने त्यांच्या गुडघ्यावर कपाळ टेकलं. ती काहीतरी म्हणाली, पण तोंड खाली होतं. दादांना ते कळलं नाही, आणि त्यांनी 'अगदी बरोबर' असंही म्हटलं नाही. "काय म्हणालीस? वर बघून सांग," ते म्हणाले.

आत्याने दोन्ही साचे उपटून उजेडात धरले. एक केळ्यासारखा वाकलेला, दुसऱ्याला मधोमध भेग.

"वाया. दोन्ही वाया. आता परत पहिल्यापासून, आणि या वेळी तोंड शिवून ठेव." ती नवी लापशी कालवू लागली.

वहिनीने कोपऱ्यातलं स्टूल ओढलं, नवऱ्याच्या अगदी समोर मांडलं, पदर सारखा केला आणि बसली.

"सावकाश कालवा, वन्सं," ती म्हणाली. "पाच मिनिटांत माझं आटपायचं नाही."